ऐकू येतंय ना, आप्पा?

गोटीराम तांबटांचे कान नेमके कधी गेले, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. नाशिकच्या तांबट आळीत कान एका दिवसात जात नाहीत, झिजत जातात. सकाळी दुकानाच्या फळ्या काढायच्या, घंगाळ नाहीतर बंब पुढ्यात घ्यायचा आणि दिवेलागणीपर्यंत तांब्यावर हातोडीचे ठोके घालत बसायचं. त्या ठोक्यांनी भांडं मजबूत होतं, चकाकतं, आणि ठोकणाऱ्याचे कान मंद होत जातात. समोरच्या दुकानात तेच, शेजारी तेच. त्यामुळे आळीतली सगळीच माणसं मोठ्यानं बोलायची. परका माणूस आत शिरला तर त्याला वाटायचं, इथं भांडण पेटलंय. खरं म्हणजे कोणीतरी कोणाला चहाला हाक मारत असायचं.

घरात आणि आळीत गोटीरामना सगळे आप्पा म्हणत. आळीत असेपर्यंत आप्पांना आपल्या कानांचं काही वाटायचं नाही. पंचाईत व्हायची ती बाहेर. एकदा भाच्याच्या सोयरिकीच्या बैठकीत कोणीतरी अगत्यानं विचारलं, "गाडी मिळाली ना वेळेवर?" आप्पांनी गंभीरपणे सांगितलं, "साडी मुलीकडच्यांनी घ्यायचं ठरलंय." बैठक हसली. आप्पाही हसले, पण घरी येईपर्यंत त्यांचा चेहरा पार पडला होता. तेव्हा त्यांच्या बायकोनं, कुसाबाईंनी, तोडगा काढला.

"तुम्हाला कळलं नाही तर सरळ हो म्हणत जा," त्या म्हणाल्या. "काय बोलले ते घरी आल्यावर मी सांगेन."

हा तोडगा बिनबोभाट वर्षानुवर्षं चालला. आप्पा हो म्हणायचे, मान डोलवायचे, आणि रात्री जेवताना कुसाबाई दिवसभराचं सगळं त्यांच्या डाव्या कानाशी सांगायच्या. कुठं भलतंच हो म्हणून बसले असले तर दुसऱ्या दिवशी जाऊन निस्तरूनही यायच्या.

घरात फोन आला तो शहाण्णवच्या सुमारास. नंबर लावून इतकी वर्षं झाली होती की आपण अर्ज केलाय हेच आप्पा विसरले होते. कुसाबाईंनी त्यावर क्रोशाचा रुमाल घातला. फोन त्यांचाच होता म्हणा ना. आप्पांना मात्र त्याचं अप्रूप वेगळ्या कारणानं. रिसीव्हर डाव्या कानावर घट्ट दाबला की समोरच्याचा आवाज थेट डोक्यात शिरायचा. मांडवात नाही, बँकेत नाही, पण फोनवर त्यांना लख्ख ऐकू यायचं. जोडणी करायला आलेल्या लाइनमननं सांगितलं की आतली तार तांब्याची असते, तेव्हा आप्पा खूश होऊन म्हणाले, "मग घरचाच माणूस म्हणा की."

त्यांना एकुलती एक मुलगी, मंजुषा. बी.कॉम. झालेली, बोलकी, आईसारखीच हातातलं काम न थांबवता गप्पा मारणारी. अठ्ठ्याण्णव साली तिला नाशिक रोडचं स्थळ आलं. मुलगा शिरीष कॉम्प्युटरमधला, अमेरिकेत न्यू जर्सीला. वडील सरकारी नोकरीतून निवृत्त, घर आपलं. तांबट आळीतल्या मुलीला असं स्थळ म्हणजे लोकांच्या भुवया उंचावणारच. लग्न झालं, आणि महिन्याभरात पोरगी विमानात बसली.

मग दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. कुसाबाई उभ्यानंच बोलायच्या, आणि एकेक वाक्य मान वळवून आप्पांकडं पोचवायच्या. "बर्फ पडतंय म्हणे तिकडं!" "पोळपाट मिळाला म्हणे!" शेवटी आप्पांच्या हातात रिसीव्हर यायचा. मंजुषा विचारायची, "आप्पा, बरे आहात ना?" आप्पा म्हणायचे, "मी ठणठणीत. ठेव आता, बिल चढेल." एवढंच. पण ते एवढं त्यांना आठवडाभर पुरायचं.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात कुसाबाई गेल्या. गच्चीवर पापड वाळत घालताना चक्कर आली, दवाखान्यात नेलं, आणि तिथून परत आल्या नाहीत. मंजुषाला येता आलं नाही. व्हिसाच्या कागदांचं काहीतरी अडलंय, असं ती म्हणाली. फोनवर ती रडली. आप्पांना तिचा हुंदकान् हुंदका ऐकू आला.

घर एकदम मुकं झालं. शेजारच्या भागुबाई दोन वेळची भाजीभाकरी आणून द्यायच्या, पण त्या मुळात कमी बोलणाऱ्या. बाहेर कुठं गेलं की आप्पा अजूनही हो म्हणायचे, मान डोलवायचे. फक्त ते काय होतं हे घरी येऊन सांगणारं आता कोणी नव्हतं.

पुढच्या वर्षी मंजुषाचे फोन बदलले. रविवार सकाळचा फोन बंद झाला. त्याऐवजी मधल्याच एखाद्या वारी संध्याकाळी, जेवणाच्या सुमाराला घंटी वाजू लागली. पहिल्यांदा आप्पांनी उचलला तेव्हा त्यांना वाटलं कोणी चेष्टा करतंय. रिकाम्या हंड्यात तोंड घालून कोणी बोलावं तसा आवाज. मध्येच तो लांबायचा, मध्येच तुटायचा, आणि आपणच बोललेलं थोड्या वेळानं परत आपल्या कानावर यायचं.

"कोण? कोण बोलतंय?"

"आप्पा, मी मंजू! कॉम्प्युटरवरून बोलतेय! मैत्रिणीच्या... स्वस्त... आता खूप वेळ..."

"काय? ऐकू येत नाही गं!"

ती पुन्हा बोलली. पुन्हा बोलली. आप्पा मध्येच "हॅलो, हॅलो" करायचे तेव्हा तिचं वाक्य नेमकं पोचत असायचं. शेवटी ती थांबली. मग त्या हंड्यातून एक वाक्य कसंबसं वर आलं. "आप्पा, तुम्हाला ऐकूच येत नसेल तर मी फोन करून काय करू?"

ते वाक्य आप्पांच्या मनात रुतून बसलं. ती रागानं म्हणाली नव्हती, थकून म्हणाली होती. पण आप्पांनी त्याचा अर्थ एवढाच घेतला की ऐकू येत नाही म्हटलं तर हिचे फोन बंद होतील.

दुसऱ्या दिवशी ते भद्रकालीत मुझफ्फरच्या दुकानात गेले. मुझफ्फरचा आधी एसटीडी बूथ होता. पिवळी पाटी अजून होती, पण आत फळ्या ठोकून त्यानं खण पाडले होते आणि प्रत्येक खणात एकेक कॉम्प्युटर बसवला होता. कानाला डबी लावलेली पोरं पडद्याकडं बघत दुबईशी, कुवेतशी बोलत होती. मुझफ्फर तांबट आळीचंच जुनं गिऱ्हाईक. त्याच्या निकाहाची भांडी आप्पांनी घडवली होती. त्यामुळे त्याच्याशी मोकळं बोलता यायचं, आणि तो आपणहून तोंडासमोर येऊन मोठ्यानं बोलायचा.

"हे कॉम्प्युटरवरचं बोलणं असं तुटकं का रे येतं?" आप्पांनी विचारलं.

"आप्पा, साधा फोन म्हणजे सरळ तार. इकडून बोललं, तिकडं अख्खं पोचलं. यात आवाजाचे बारीक तुकडे करतात. ते नेटवरून पाठवतात आणि तिकडं परत जोडतात. लाइन ढिली असली की काही तुकडे रस्त्यातच राहतात."

"मग लोक का बोलतात त्याच्यावर?"

मुझफ्फरनं हात उडवले. "सस्तं पडतं ना! साध्यावर दहा मिनिटं बोलायचे तेवढ्या पैशात तासभर बोला."

आप्पा खणांमधल्या पोरांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तुटकं तासभर बरं, का अख्खं दहा मिनिटं?"

"मला विचाराल तर अख्खं. पण गिऱ्हाईक तासच मागतं, आप्पा. घरच्यांशी बोलायचं असलं की माणसाला वेळ पाहिजे असतो."

आप्पांच्या घरच्या फोनवरून परदेशी लागत नसे. म्हणून पुढच्या रविवारी सकाळी ते पुन्हा मुझफ्फरकडं आले आणि म्हणाले, "साधा फोन लाव. पैसे माझे." नंबर लागला. पलीकडं जावयानं उचलला. शिरीषचा आवाज अगदी शेजारच्या खोलीतून यावा तसा स्वच्छ होता.

"काय झालं? कोणी गेलं का?"

"नाही नाही, सहज. म्हटलं तुमची खुशाली..."

"सहज?" मागं भांड्याचा आवाज. मग मंजुषा आली. ती हळू बोलत होती, तरी आप्पांना शब्दन् शब्द कळला.

"आप्पा, इकडं फोन नका करू. मीच करत जाईन. मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवरून."

"अगं, पण त्याच्यावर मला नीट..."

"आप्पा, प्लीज. ऐका माझं."

त्यांनी ऐकलं. बाहेर येऊन ते मुझफ्फरला म्हणाले, "पोरगी माझ्या खर्चाला जपते." मुझफ्फर म्हणाला, "लेकी अशाच असतात." पायरीवर बसून आप्पांनी चप्पल घातली आणि जावयानं पहिल्याच वाक्याला कोणी मेलं का म्हणून का विचारलं, याचा थोडा विचार केला. मोठ्या नोकरीतली माणसं अशी तुटक बोलतात, असं ठरवून ते उठले.

त्यानंतर आप्पा मंजुषाशी बोलायला शिकले, म्हणजे न ऐकता बोलायला. तिचा आवाज चढला की "अरे वा" म्हणायचं. लांबला की "हं, हं." उतरला की "चालायचंच." शेवटी सूर वर गेला म्हणजे काहीतरी विचारलंय, तेव्हा "तू शहाणी आहेस, तुला कळतं." मधूनच एखादा शब्द पकडीत यायचा, "बर्फ" किंवा "भाजी", की त्यावर ते दोन वाक्यं जोडायचे. कानाचं यंत्रही त्यांनी घेऊन पाहिलं होतं. पण रिसीव्हर जवळ आणला की ते शिट्टी मारायचं. ते त्यांनी कपाटात ठेवून दिलं.

आणि फोन वाढले. आठवड्यात दोनदा, कधी तीनदा. अर्धा-अर्धा तास. आप्पा भिंतीला टेकून, रिसीव्हर कानाला लावून बसलेले असायचे. भाकरी द्यायला आलेल्या भागुबाई खुणेनं विचारायच्या, मंजू का? आप्पा अभिमानानं मान हलवायचे. आळीत कोणी म्हटलं की "परदेशात गेलेली पोरं विसरतात हो," तर आप्पा म्हणायचे, "आमची नाही. परवाच अर्धा तास बोलली." काय बोलली असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "बायकांचं बोलणं, काय सांगू!" फोन ठेवल्यावर मात्र जेवण जायचं नाही. ताटावर बसून आप्पा ते सगळे सूर पुन्हा मनात लावून बघायचे. कुठं तरी आवाज फार खाली गेला होता. तिथं काय असेल? पण सुरावरून किती कळणार?

तसा तो फोन दोन हजार तीनच्या दसऱ्यानंतर आला.

त्या संध्याकाळी लाइन नेहमीपेक्षाही वाईट होती. मंजुषा मात्र थांबत नव्हती. तिला आज बरंच बोलायचं होतं, हे आप्पांना पहिल्या क्षणीच कळलं. त्यांनी दुसऱ्या कानात बोट घातलं, डोळे मिटले. "...हात..." मग घरंगळत गेलेलं काहीतरी. "...घर..." मग बराच वेळ नुसती घरघर. "...येऊ..." "...शिरीष म्हणतो..." "...रूपाली तिकीट..." मग पुन्हा "घर." शेवटी सूर वर गेला आणि थांबला. पलीकडं ती वाट बघत होती.

मागं एकदा ते दोघं नवं घर बघतायत असं काहीतरी आप्पांच्या कानावर पडलं होतं. त्यांनी मनाशी जुळवाजुळव केली. घर घेतायत, हात आखडलेला आहे, शिरीषचं एक मत आणि हिचं दुसरं. बापाचा सल्ला विचारतेय पोरगी. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काही समजलं या समाधानात आप्पा नीट सावरून बसले आणि त्यांनी जपून, वडीलधाऱ्या माणसासारखं उत्तर दिलं.

"हे बघ मंजू, घर म्हटलं की ओढाताण आलीच. थोडं सोसायचं. शिरीषराव म्हणतात तसं कर. तू घाई करू नको. हळूहळू सगळं सुरळीत होतं."

पलीकडं काही नव्हतं. घरघरही नव्हती. मग त्या वाईट लाइनवरून, कसे कोण जाणे, दोन शब्द अगदी स्वच्छ आले.

"बरं, आप्पा."

फोन ठेवला गेला. आप्पांनी त्या रात्री पोटभर जेवण केलं. भागुबाईंना सांगितलं, "नवं घर घेतायत. माझा सल्ला विचारत होती."

त्यानंतर ते संध्याकाळचे फोन थांबले. दोन आठवडे, तीन आठवडे. आप्पा काळजीत पडले. आणि एका रविवारी सकाळी घंटी वाजली, त्यांनी रिसीव्हर उचलला, तर आवाज लख्ख. साधा फोन.

"आप्पा, बरे आहात ना?"

आप्पांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मंजू! किती छान ऐकू येतंय गं! आता अशीच करत जा."

"हो. आता घरूनच करत जाईन."

"घराचं काय झालं?"

"घर आहे तसंच आहे, आप्पा." मागून शिरीषनं काहीतरी म्हटलं. "ठेवते आता."

म्हणजे व्यवहार मोडला असेल, आप्पांना वाटलं. ते मुद्दाम मुझफ्फरच्या दुकानापर्यंत चालत गेले. "बघ, आली की नाही साध्या फोनवर! म्हटलं होतं ना, अख्खं बोलणं ते अख्खं बोलणं." मुझफ्फरनं त्यांना चहा पाजला.

महिन्यातून एकदा असा फोन यायचा. ती बरी आहे, ते बरे आहेत, तुम्ही बरे ना, ठेवते. सगळं स्पष्ट. मग एकदा तिनं सांगितलं की मुलगी झाली. आळीत आप्पांनी पेढे वाटले. बाळाचं रडणं त्यांनी फोनवर ऐकलं, तेही लख्ख.

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात एक दिवस दुकानासमोर रिक्षा थांबली. पंचवटीतल्या माहेरी आलेली एक बाई उतरली. म्हणाली, "मी रूपाली. मंजुषा आणि मी तिकडं एकाच इमारतीत राहायचो." तिनं नातीचे फोटो असलेलं पाकीट दिलं. आप्पांनी स्टूल पुढं केलं, चहा सांगितला. ती बसली खरी, पण चहा तसाच ठेवला.

"तुमच्याच कॉम्प्युटरवरून करायची ना ती फोन?" आप्पा कौतुकानं म्हणाले. "फार उपकार झाले तुमचे."

रूपाली त्यांच्याकडं बघत राहिली. "काका, एक विचारू? तुम्ही तिला ये का म्हणाला नाहीत?"

आप्पांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ते पुढं वाकले. "काय म्हणालात? असं माझ्यासमोर बघून बोला."

ती बोलली. अगदी तोंडासमोर, सावकाश, एकेक शब्द. शेजारच्यानं तेवढ्यात हातोडी खाली ठेवली होती, त्यामुळे अडथळा कसलाच नव्हता. शिरीष तिला मारायचा. लग्न झाल्यापासून. फोनच्या बिलात नाशिकचा नंबर दिसला की जास्त. कॉम्प्युटरवरून केलेला फोन बिलात येत नाही म्हणून ती रूपालीकडं यायची, तो ऑफिसला गेल्यावर. त्या दसऱ्याला त्यानं तिचं मनगट मोडलं. रूपाली आणि तिचा नवरा तिकीट काढून द्यायला तयार होते. मंजुषा म्हणाली, आधी आप्पांना विचारते. त्यांनी घरी ये म्हटलं की जाते.

"मी बाजूच्याच खोलीत होते, काका. तिनं सगळं सांगितलं तुम्हाला. लपवलं नाही काही. आणि तुम्ही म्हणालात, थोडं सोसायचं."

समोर अर्धवट ठोकून मठारलेला बंब पडला होता. त्यावर आप्पांनी हात ठेवला आणि काढला.

"मला ऐकू आलं नव्हतं," ते म्हणाले.

"काय?"

"मला त्या कॉम्प्युटरवरचं काहीच ऐकू येत नसे. पहिल्यापासून."

रूपालीच्या कपाळावर आठी पडली. "पण तुम्ही बोलायचात तिच्याशी. ती सांगायची मला, आप्पांना सगळं माहीत आहे. दीड वर्षं बोलत होतात."

"हो."

रूपालीचा विश्वास बसला की नाही, ते आप्पांना तिच्या तोंडावरून कळलं नाही. जाताना ती म्हणाली, "तिचा विषय माझ्याकडून निघाला असं शिरीषला कळू देऊ नका." आणि रिक्षात बसली.

आप्पांनी दुकान उघडंच टाकलं आणि ते नाशिक रोडला व्याह्यांकडं गेले. व्याह्यांनी त्यांना दिवाणखान्यात बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडं बोट दाखवून म्हणाले, "आम्ही रोज बोलतो त्यांच्याशी. दिसतात सुद्धा. नात हसते, सूनबाई बाजूला बसलेली असते. असं काही असतं तर आम्हाला कळलं नसतं? लोकांचं ऐकून तुम्ही कशाला जिवाला त्रास करून घेता? आणि गोटीरामशेठ, तुम्हाला जरा ऐकण्याचंही..." पुढचं त्यांनी बोलायचं सोडून दिलं. आप्पांनी पेला खाली ठेवला आणि ते निघाले.

संध्याकाळी ते मुझफ्फरकडं गेले. शिरीष ऑफिसला गेला असेल, ती वेळ त्यांनी धरली. मुझफ्फर म्हणाला, "आप्पा, नेटवरून लावतो, आता आवाज पुष्कळ सुधारलाय. आणि सस्तं..."

"साधा फोन लाव," आप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा बघून मुझफ्फर पुढं बोलला नाही.

मंजुषानंच उचलला. "आप्पा? काय झालं?"

"मंजू, घरी ये. बाळाला घे आणि निघून ये."

तिचा श्वास ऐकू येत होता.

"रूपाली आली होती का?"

"ये तू. मी आहे."

"आता कसं येऊ, आप्पा? पोरीचा पासपोर्ट त्याच्याकडं असतो. तिला इथं ठेवून येऊ?" ती शांतपणे बोलत होती, पुष्कळदा मनाशी बोलून झालेलं पुन्हा बोलावं तशी. "तेव्हा एकटी होते."

"मला तेव्हा ऐकू आलं नव्हतं गं. त्या कॉम्प्युटरवरचं काहीच मला कळायचं नाही. तू फोन बंद करशील म्हणून मी नुसतं हो हो म्हणायचो. मला वाटलं तुम्ही नवं घर घेताय."

पलीकडं इतका वेळ काही आलं नाही की आप्पांना वाटलं लाइन गेली. पण लाइन गेली नव्हती. कुठंतरी घड्याळाची टिकटिक होती, बाळ काहीतरी आपटत होतं.

"म्हणजे कधीच ऐकू आलं नाही?" ती म्हणाली. "आई गेल्यावर मी जे जे सांगितलं ते?"

"नाही."

"मग मी कोणाशी बोलत होते, आप्पा?"

ती रडली नाही. बाळ रडायला लागलं तेव्हा म्हणाली, "तिला भूक लागलीय. ठेवते," आणि ठेवला. मुझफ्फरनं पैसे घेतले नाहीत. आप्पांनी ते गल्ल्यावर ठेवले आणि ते बाहेर पडले. त्या दिवशी भद्रकालीतून घरी जाताना ते दोनदा रस्ता चुकले.

त्यानंतर त्यांनी दुकानात बसणं कमी केलं. हातात जोर होता, पण ठोका घालायला हातोडी उचलली की ती हवेतच राहायची. शेवटी ते दुकान शेजारच्याला चालवायला दिलं.

दोन हजार आठच्या जानेवारीत मंजुषा, शिरीष आणि नात असे सगळे नाशिकला आले. व्याह्यांकडं उतरले, आणि दोन दिवसांसाठी मंजुषा मुलीला घेऊन तांबट आळीत राहायला आली. ती जाड झाली होती, केस कापले होते. आप्पांसाठी तिनं तिकडून कानाचं चांगलं यंत्र आणलं होतं. तिनंच ते त्यांच्या कानात बसवलं. एकाएकी आप्पांना सगळं ऐकू येऊ लागलं, मोरीत ठिबकणारा नळ, नातीच्या पायातले वाळे, भागुबाईंचं पुटपुटणं.

"ऐकू येतं नीट?" मंजुषानं विचारलं.

"येतं."

ती फार चांगली वागली. स्वयंपाक केला, आईच्या साड्या उन्हात घातल्या, कपाटं आवरली. नाशिकमध्ये किती गाड्या वाढल्यात, द्वारका चौकात कसा पूल होणार आहे, हे सगळं ती बोलली. तिच्या डाव्या मनगटाचं हाड जरा वर आलेलं होतं. पोळ्या लाटताना ते दिसायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नात झोपली होती. आप्पा स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"अजून करतो का तो?"

"आता कमी आहे," ती मागं न बघता म्हणाली.

आप्पा तिथंच पाटावर बसले. मग म्हणाले, "मंजू, त्या वेळी काय काय सांगायचीस ते आता सांग. पहिल्यापासून. मला ऐकायचंय."

तिचं लाटणं थांबलं. खिडकीतून समोरच्या दुकानातले ठोके ऐकू येत होते. तिनं पोळी तव्यावर टाकली, एक बाजू होऊ दिली, उलटली.

"इतकं कुठं आठवतं आता," ती म्हणाली. "तुम्ही जेवून घ्या आधी. गरम आहे तोवर."

तिनं ताट वाढलं. आप्पा जेवले. संध्याकाळी शिरीष गाडी घेऊन न्यायला आला. त्यानं वाकून नमस्कार केला, आणि आप्पांनी, हात आपोआप वर गेला म्हणून, त्याच्या डोक्यावर ठेवला. मंजुषानं मुलीला कडेवर घेतलं, गाडीत बसली, आणि काच वर करायच्या आधी त्यांना म्हणाली, "यंत्राची बॅटरी काढून ठेवत जा रात्री, नाहीतर लवकर उतरते."

"हो," आप्पा म्हणाले.